दोन दगड, थोडा धूर आणि अंगावर काटा!

१९५७ सालच्या ‘ई वाम्पीरी’ या इटालियन चित्रपटातला एक प्रसंग. पडद्यावर एक रूपवान डचेस उभी आहे. बघता बघता तिच्या नितळ गालांवर सुरकुत्या उमटतात, डोळ्यांखाली काळी वर्तुळं पसरतात आणि काही क्षणांत त्या सुंदरीची जख्ख म्हातारी होते. मध्ये कुठे तुकडा जोडलेला नाही, कॅमेरा चेहऱ्यावरून हललेलासुद्धा नाही. संगणकाच्या करामती तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या. मग ही किमया झाली तरी कशी?

उत्तर ऐकलं की हसू येईल. अभिनेत्री जिआन्ना मारिया कनालेच्या चेहऱ्यावर म्हातारपणाच्या रेषा आधीपासूनच रंगवून ठेवल्या होत्या. चित्रपट कृष्णधवल होता. रेषा लाल आणि त्यांच्यावर पडणारा उजेडही लाल, म्हणजे कॅमेऱ्याला त्या दिसायच्याच नाहीत. मग लाल दिवा हळूहळू मंद करायचा आणि हिरवा वाढवायचा. हिरव्या उजेडात लाल रंग काळा पडतो. झालं! तरुणी म्हातारी झाली. युक्ती तशी जुनीच होती. हॉलिवूडने १९३१ च्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये ती वापरली होती. पण तिथे मोठा स्टुडिओ पाठीशी होता. इथे होते मोजके पैसे, मोजके दिवस आणि दिव्यांशी खेळणारा एक अबोल कॅमेरामन. त्याचं नाव मारिओ बावा.

आज जगभरचे भयपटांचे चाहते हे नाव आदराने घेतात. हयातीत मात्र या माणसाच्या वाट्याला मानसन्मान फारसे आलेच नाहीत. त्याच्या कल्पना उचलून इतरांनी मोठे पैसे कमावले. त्याचे चित्रपट परदेशी वितरकांनी कापले, त्यांचं संगीत बदललं, नावं बदलली. एक चित्रपट तर जवळजवळ पुरा होऊनही दोन दशकं डब्यात पडून राहिला. आणि बावा? तो खांदे उडवून पुढच्या कामाला लागायचा.

घरातच कारखाना

मारिओचा जन्म ३१ जुलै १९१४ रोजी इटलीतल्या सान रेमो या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील युजेनिओ बावा मूळचे शिल्पकार. मूकपटांच्या जमान्यात ते सिनेमाकडे वळले आणि कॅमेरा व ट्रिक सीन या दोन्ही गोष्टींत तरबेज झाले. सुताराच्या पोराने रंध्याशी खेळत मोठं व्हावं, तसा मारिओ रसायनं, काचा, भिंगं आणि मातीच्या मूर्ती यांच्यात वाढला. त्याला व्हायचं होतं चित्रकार. पण चित्रांवर पोट भरेना. तेव्हा तो वडिलांच्या हाताखाली लागला. युजेनिओ ‘इस्तितुतो लुचे’ या सरकारी चित्रसंस्थेत ट्रिक सीनचा विभाग सांभाळत होते. तिथे मारिओ चित्रपटांची श्रेयनामं रंगवायचा आणि कॅमेऱ्यामागे पडेल ते काम करायचा.

१९३९ च्या सुमारास तो स्वतः कॅमेरामन झाला. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या रॉबेर्तो रोसेलिनीचे सुरुवातीचे लघुपट त्याने चित्रित केले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं तो दुसऱ्यांचे चित्रपट उजळत राहिला. स्टीव्ह रीव्हज या पीळदार शरीराच्या नटाला घेऊन १९५८ मध्ये ‘हर्क्युलिस’ निघाला आणि त्याने देशोदेशीची तिकीटबारी गाजवली. त्याचाही कॅमेरा आणि ट्रिक सीन बावाचेच.

पण त्याची खरी ख्याती वेगळीच होती. अडलेला चित्रपट मार्गी लावायचा तर बावाला बोलवा! ‘ई वाम्पीरी’चा दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा निर्मात्यांशी भांडून मध्येच निघून गेला. उरलेलं चित्रण बावाने दोन दिवसांत उरकलं. बोलपटांच्या युगातला तो इटलीचा पहिला भयपट मानला जातो. १९५९ च्या ‘काल्तिकी’ या चित्रपटाच्या वेळीही तेच. फ्रेदा गेला, बावाने काम पुरं केलं. त्यातला सगळं गिळत सुटणारा राक्षस कशाचा होता, ठाऊक आहे? कसायाकडून आणलेल्या जनावराच्या आतड्या-कोथळ्याचा! दिव्यांच्या उष्णतेने त्याला काय वास सुटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. आपण मुद्दामच निघून गेलो, असं फ्रेदाने पुढे सांगितलं. बावाला सगळे राबवून घेतात, त्याला एकदा तरी दिग्दर्शक होण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू होता म्हणे.

त्याच वर्षी ‘मॅरेथॉनची लढाई’ या विषयावरचा एक चित्रपट बावाने असाच तडीला नेला. तेव्हा मात्र निर्मात्यांनी उपकाराची फेड केली. आता तुला हवा तो चित्रपट कर, असं त्याला सांगण्यात आलं.

चेटकिणीचा मुखवटा

बावाने रशियन लेखक गोगोलची ‘वीय’ ही भुताटकीची कथा निवडली, तिच्यात मनसोक्त फेरफार केले आणि १९६० साली ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ पडद्यावर आला. इंग्रजीत तो ‘ब्लॅक संडे’ म्हणून ओळखला जातो. दिग्दर्शक म्हणून पहिलं स्वतंत्र नाव लागलं, तेव्हा बावाचं वय होतं सेहेचाळीस!

चित्रपटाच्या सुरुवातीलाच एका चेटकिणीला शिक्षा दिली जाते. आतून अणकुचीदार खिळे असलेला मुखवटा तिच्या चेहऱ्यावर ठेवून त्यावर घण घातला जातो. दोनशे वर्षांनी ती थडग्यातून उठते आणि स्वतःसारख्याच दिसणाऱ्या राजकन्येच्या मागे लागते. दोन्ही भूमिका बार्बरा स्टील या ब्रिटिश अभिनेत्रीने केल्या. तिचे ते मोठाले डोळे, धुक्यातून आवाज न करता येणारी घोडागाडी, पडक्या गढीतल्या सावल्या... प्रेक्षकांची बोबडी वळली. इंग्लंडच्या सेन्सॉरने तर या चित्रपटाला १९६८ पर्यंत दारच उघडलं नाही. अमेरिकेत ‘अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स’ने तो विकत घेतला, त्याची थोडी काटछाट केली, नवं संगीत घातलं आणि १९६१ मध्ये झळकवला. स्वतःच्या देशापेक्षा तो तिकडेच जास्त चालला. घर की मुर्गी दाल बराबर, हे इटलीतही खरं असावं!

नळाचं थेंब थेंब पाणी

१९६३ च्या ‘ब्लॅक सॅबथ’मध्ये बावाने तीन भयकथा एकत्र गुंफल्या. ‘फ्रँकेन्स्टाइन’मुळे घराघरांत पोहोचलेला बोरिस कार्लोफ पंचाहत्तरीत असताना यात काम करून गेला. पण सर्वांत गाजली ती ‘पाण्याचा थेंब’ ही कथा. त्यात एका नर्सला मध्यरात्री बोलावणं येतं. एक म्हातारी वारली आहे, तिला शेवटचे कपडे घालायचे आहेत. कपडे घालता घालता नर्सचं लक्ष मृताच्या बोटातल्या अंगठीकडे जातं. मोह आवरत नाही. अंगठी काढताना शेजारचा पेला लवंडतो आणि पाणी टपटप गळू लागतं. ती घरी येते. स्वयंपाकघरात नळ टपकतोय. तो बंद करते. मग दुसरीकडून टप... टप... टप.

एवढंच! सुरा नाही, रक्ताचे पाट नाहीत. खिडकीबाहेर उघडझाप करणारा हिरवा-जांभळा दिवा, एक माशी आणि टपकणारं पाणी. भूत बाहेर आहे की तिच्या मनात, हे ज्याचं त्याने ठरवावं. रात्री घरातला नळ गळू लागला की ज्यांची झोप मोडते, त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. त्या मृत म्हातारीचा डोळे वटारलेला मेणाचा चेहरा कुणी घडवला होता? मारिओच्या वडिलांनी! उतारवयातले युजेनिओ मुलाच्या चित्रपटासाठी पुन्हा शिल्पकार झाले होते.

या चित्रपटाच्या नावाची एक वेगळीच कहाणी आहे. १९६९ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरातल्या चार पोरांचा ‘अर्थ’ नावाचा वाद्यवृंद होता. त्याच नावाचा दुसरा गट निघाल्याने त्यांना नवं नाव हवं होतं. त्यांच्या तालमीच्या जागेसमोरच्या थिएटरात ‘ब्लॅक सॅबथ’ लागला होता. घाबरून घ्यायला लोक पैसे मोजून रांग लावतात, तर मग भीतीचंच संगीत का करू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी तेच नाव घेतलं आणि ‘हेवी मेटल’ संगीताचा पाया घातला. त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न जुलै २०२५ मध्ये वारला. त्याआधी जेमतेम अडीच आठवडे, बर्मिंगहॅममध्येच ते चौघे शेवटचं एकत्र गायले-वाजवले होते.

पिवळी पुस्तकं, पण वेगळी

आपल्याकडे ‘पिवळी पुस्तकं’ म्हटलं की मंडळी चपापून इकडेतिकडे बघतात. इटलीत मात्र पिवळं पुस्तक म्हणजे रहस्यकथा. मोंदादोरी या प्रकाशनाने १९२९ पासून पिवळ्या मुखपृष्ठांच्या स्वस्त रहस्यकथा काढल्या. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांसाठी आपल्याकडे वाचनालयांत उड्या पडत, तशीच गत तिथे या पुस्तकांची झाली. इटालियन भाषेत पिवळ्याला म्हणतात ‘जाल्लो’. रहस्यकथेलाच तिथे जाल्लो हे नाव पडलं.

हा जाल्लो पडद्यावर आणणाऱ्यांत बावा पहिला. १९६३ चा ‘द गर्ल हू न्यू टू मच’ हा या जातीचा पहिला चित्रपट समजला जातो. नावातच हिचकॉकच्या ‘द मॅन हू न्यू टू मच’ला नमस्कार आहे. पुढच्याच वर्षी ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ आला. उंची फॅशनगृह, सुंदर मॉडेल, एकामागून एक खून आणि खुनी कसा, तर काळे हातमोजे, अंगात ओव्हरकोट, डोक्यावर हॅट आणि चेहऱ्याच्या जागी कोरा कपडा! पुढे दारिओ अर्जेन्तोने १९७० पासून हाच साचा घेऊन जगभर नाव कमावलं. ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’मध्ये कॅमेरा लाल, निळ्या, जांभळ्या उजेडातून तरंगत जातो. त्यासाठी लागणारी महागडी ट्रॉली परवडत नव्हती. बावाने कॅमेरा मुलांच्या खेळण्यातल्या गाड्यावर बसवला आणि ढकलला.

अंतराळही घरगुती

१९६५ मध्ये बावाला अंतराळपट करायला मिळाला. ‘प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स’. अनोळखी ग्रह उभा करायचा, पण पैसे कुठे आहेत? रिकामा स्टुडिओ होता आणि कुठल्याशा पौराणिक चित्रपटातून उरलेले प्लॅस्टिकचे दोन दगड. बावाने ते दगड आरशांपुढे ठेवले. दोनाचे वीस दिसू लागले. बाकीची जागा धुराने आणि रंगीत दिव्यांनी भरून टाकली. ग्रह तयार!

या चित्रपटात अंतराळवीरांना एका मोडक्या यानात अवाढव्य प्राण्याचा सांगाडा सापडतो. १९७९ मध्ये रिडले स्कॉटचा ‘एलियन’ आला. त्यातही अनोळखी ग्रहावर मोडकं यान आहे आणि आत प्रचंड सांगाडा. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहणाऱ्या समीक्षकांच्या हे साम्य लगेच लक्षात आलं.

बावाची आवडती युक्ती होती काचेची. कॅमेऱ्यापुढे एक काच उभी करायची. तिच्यावर गढीचा बुरूज, डोंगर किंवा अख्खं शहर रंगवायचं, नाहीतर मासिकातून कापलेली चित्रं चिकटवायची. मधला भाग मोकळा ठेवायचा. त्या मोकळ्या भागातून लांब उभे असलेले नट दिसतात. भिंगातून पाहिलं की रंगवलेला बुरूज आणि खरा माणूस एकजीव होतात. चित्रकार व्हायचं राहून गेलेल्या माणसाने चित्रकला अशी वसूल केली.

१९६८ मध्ये दिनो दि लाउरेन्तिस या बड्या निर्मात्याने त्याला ‘डेंजर : डायबोलिक’ दिला. अँजेला आणि लुचाना जुसानी या दोन बहिणींच्या लोकप्रिय चित्रकथेवरचा हा चित्रपट. डायबोलिक चोराची भुयारातली झगमगती गुहा पाहून डोळे दिपतात. तिचा बराचसा भाग काचेवरच होता. बावाने मंजूर रकमेतून पैसे वाचवून दाखवले. निर्माता खूश झाला आणि म्हणाला, दुसरा भाग कर. बावाने नकार दिला. मोठा पसारा, मोठी माणसं, मोठे हुकूम हे त्याला मानवत नव्हतं.

चेंडू खेळणारी पोर

१९६६ च्या ‘किल, बेबी... किल!’मध्ये भूत आहे ते पांढऱ्या झग्यातल्या एका लहान मुलीचं. ती खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघते. तिचा चेंडू टप्पे खात येतो आणि ज्याला ती दिसते, तो जगत नाही. निरागस पोर हेच मृत्यूचं रूप, ही कल्पना फार जणांना भावली. दोनच वर्षांनी फेदेरिको फेलिनीने एका लघुपटात सैतान दाखवला तो चेंडू घेतलेल्या मुलीच्या रूपात. मार्टिन स्कॉर्सेसीच्या १९८८ च्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’मध्येही सैतान लहान मुलीच्या रूपात येतो. बावाच्या पोरीची गंमत अशी, की ती भूमिका एका मुलाने केली होती, मुलीचा टोप घालून!

पण बावाचा सगळाच वारसा असा नाजूक नाही, हेही सांगायला हवं. १९७१ च्या ‘अ बे ऑफ ब्लड’मध्ये खाडीकाठच्या एका जागेच्या हावेपायी तेरा मुडदे पडतात आणि तेही अत्यंत क्रूरपणे. लोभाने आंधळी झालेली माणसं एकमेकांना किडामुंगीसारखं मारतात, हा त्यातला कडवट विनोद होता. अमेरिकेत १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’पासून सुरू झालेल्या लाटेने त्यातला विनोद सोडून दिला आणि सुरे तेवढे उचलले. दुसऱ्या भागातले दोन खून तर थेट बावाच्या चित्रपटातून उतरवलेले वाटतात. पोरासोरांनी पाहू नयेत अशा त्या चित्रपटांचा दोष सगळाच बावाच्या माथी मारणं योग्य नव्हे. पण बाटलीतलं भूत बाहेर काढणाऱ्या हातांत त्याचाही हात होता, हे नाकारता येत नाही.

जिव्हारी लागलेले दोन घाव

१९७२ च्या ‘बॅरन ब्लड’ला यश मिळालं, तेव्हा निर्माता आल्फ्रेदो लेओने खूश होऊन म्हणाला, आता तुझ्या मनासारखा चित्रपट कर. आयुष्यात क्वचित मिळणारी ही मोकळीक बावाने ‘लिसा अँड द डेव्हिल’साठी वापरली. स्पेनमधल्या जुन्या गल्लीत वाट चुकलेली तरुणी, पुतळ्यांनी भरलेला वाडा आणि लॉलीपॉप चघळणारा मिस्कील नोकर, जो खुद्द सैतान असावा. स्वप्नासारखा, हळुवार, उदास चित्रपट. १९७३ मध्ये तो कान येथे दाखवला गेला. पण खरेदीला कोणी पुढे येईना.

तेवढ्यात अमेरिकेत ‘द एक्झॉर्सिस्ट’ने धुमाकूळ घातला. निर्मात्याने ठरवलं, या चित्रपटातही भूत उतरवणारा पाद्री घालायचा! नवे किळसवाणे प्रसंग चित्रित झाले, मूळ चित्रपटाची चिरफाड झाली आणि १९७५ मध्ये ‘द हाउस ऑफ एक्झॉर्सिझम’ नावाने ते कडबोळं बाजारात आलं. बावाने त्यावर आपलं नाव लावू दिलं नाही. त्याचा मूळ चित्रपट अमेरिकेच्या प्रेक्षकांपुढे आला तो टीव्हीवर, त्याच्या मृत्यूनंतर.

दुसरा घाव १९७४ मधला. ‘रॅबिड डॉग्ज’मध्ये भुतंखेतं नाहीत. तीन दरोडेखोर एका मोटारीत घुसतात. आत त्यांनी पळवलेली एक बाई, गाडी चालवणारा माणूस आणि एक आजारी मूल. ऐन उन्हाळ्यात जवळजवळ सगळा चित्रपट त्या कोंदट गाडीत घडतो. साठीला टेकलेल्या बावाने आपण काळाबरोबर आहोत हे यात दाखवून दिलं होतं. काम संपत आलं आणि निर्मात्याचं दिवाळं वाजलं. कोर्टाने रिळं जप्त केली. पुढे १९९० च्या दशकात, त्यातलीच अभिनेत्री लेआ लँडर हिच्या पुढाकाराने तो लोकांसमोर आला. आज अनेक जाणकार त्याला बावाच्या सर्वोत्तम चित्रपटांत गणतात. बावाने मात्र तो प्रेक्षकांत बसून कधीच पाहिला नाही.

तीन पिढ्यांचा धागा

युजेनिओंनी मारिओला शिकवलं, तसं मारिओने मुलगा लांबर्तोला. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून लांबर्तो वडिलांचा साहाय्यक होता. १९७७ चा ‘शॉक’ हा मारिओचा थिएटरसाठीचा शेवटचा चित्रपट. त्यात लेखनापासून चित्रीकरणापर्यंत मुलाचा मोठा हातभार होता. पुढे अर्जेन्तोने ‘इन्फर्नो’साठी ट्रिक सीन करायला बोलावलं, तेव्हा मारिओ आनंदाने गेला. ज्याने आपलीच वाट पुढे नेऊन कीर्ती मिळवली, त्याच्या हाताखाली काम करण्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

एप्रिल १९८० मध्ये लांबर्तोचा ‘माकाब्रो’ हा पहिला स्वतंत्र चित्रपट लागला. तो पाहून, आता सुखाने डोळे मिटायला हरकत नाही, अशा अर्थाचं वडील बोलून गेले, अशी आठवण लांबर्तोने सांगितली आहे. बोलणं थट्टेतलं होतं. पण त्याच महिन्याच्या अखेरीस हृदयविकाराच्या झटक्याने मारिओ बावा गेला. वय पासष्ट. अवघ्या काही दिवसांत आल्फ्रेड हिचकॉकही गेला आणि साऱ्या जगाची वर्तमानपत्रं त्याच्या बातम्यांनी भरून गेली. बावाकडे पाहायला तेव्हा फार कमी जणांना सवड होती.

ती सवड नंतरच्या पिढीने काढली. टिम बर्टनने १९९९ च्या ‘स्लीपी हॉलो’त ‘ब्लॅक संडे’ची आठवण जागवली. टिम लुकास या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्याची तीसहून अधिक वर्षं खर्चून बावावर अकराशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. तो २००७ मध्ये निघाला आणि त्याची प्रस्तावना स्कॉर्सेसीने लिहिली. लांबर्तोनेही १९८५ च्या ‘डेमन्स’ने नाव काढलं आणि १९९१ मध्ये ‘फान्तागिरो’ ही परीकथा टीव्हीसाठी करून इटलीतल्या बच्चेकंपनीला खूश केलं.

बावाचा स्वभाव कळायला ‘ब्लॅक सॅबथ’चा शेवट पाहावा. बोरिस कार्लोफ घोड्यावर स्वार होऊन रात्रीच्या रानातून दौडतोय. तो प्रेक्षकांचा निरोप घेतो आणि कॅमेरा हळूहळू मागे येतो. बघतो तर काय, घोडा खोटा, स्टुडिओतला! समोरून हातात झाडांच्या फांद्या घेतलेली माणसं गोल गोल पळताहेत, म्हणून रान मागे पळाल्यासारखं दिसतंय. तास-दीड तास ज्याने दातखीळ बसवली, तोच शेवटी पडदा बाजूला करून सांगतो, अहो, घाबरलात काय, या तर नुसत्या फांद्या!

अमेरिकन वितरकांनी हा शेवट कापून टाकला. इटालियन प्रतीत मात्र कार्लोफ अजून त्या खोट्या घोड्यावर बसून दौडतो आहे.